खरखरीची साक्ष

डॉ. वसंतराव देशपांडे यांचं नाव नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला आहे. त्यांचं गाणं मात्र बरंचसं फितींवर आहे. मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, पुढे अनेक वर्षं संरक्षण खात्याच्या हिशेब विभागात नोकरी केली आणि १९८३ साली गेले. कंपन्यांनी काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेतच, पण मैफलीतले वसंतराव ज्यांना हवे असतात त्यांना श्रोत्यांनी स्पूलवर किंवा कॅसेटवर उतरवून घेतलेल्या गाण्याकडेच वळावं लागतं. या फिती आता संगणकावर चढवल्या जात आहेत आणि चढवणाऱ्याचा पहिला उत्साह असतो तो 'साफ' करण्याचा. गाण्याच्या मागची खरखर, घूं, टकटक, कुठूनसा येणारा पुसट आवाज, हे सगळं कचरा समजून काढलं जातं आणि मूळ फीत मग माळ्यावर किंवा भंगारात जाते. माझं म्हणणं असं, की हा कचरा पुष्कळदा त्या ध्वनिमुद्रणाचा जन्मदाखला असतो. तो वाचून, नोंदवून मग पुसला तर हरकत नाही. न वाचता पुसला तर गाण्याबद्दलच्या काही गोष्टी कायमच्या जातात, आणि आपल्या संगीताच्या बाबतीत खुद्द गाण्याचाही एक भाग जातो.

पुसट आवाजांमध्ये सर्वांत चमत्कारिक वाटतो तो आगाऊ ऐकू येणारा आवाज. निवेदक 'नमस्कार' म्हणायच्या आधी सेकंद-दीड सेकंद तोच 'नमस्कार' कुजबुजल्यासारखा येऊन जातो. यामागे भूतबाधा नाही, गुंडाळी आहे. चुंबकीय फीत स्पुलावर थरावर थर चढवून ठेवलेली असते, आणि एका थरावरचं चुंबकन शेजारच्या थरावर थोडंसं उमटतं. फीत जितकी पातळ तितका हा दोष जास्त. स्टुडिओतली फीत साधारण ५० मायक्रॉन जाडीची असे, साठ मिनिटांच्या कॅसेटमधली सुमारे १८, नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधली १२ आणि एकशेवीस मिनिटांच्या कॅसेटमधली अवघी ९. 'एकाच कॅसेटमध्ये पूर्ण मैफल' हा मोह या हिशेबाने महागात पडला. उमटण्याचा जोर सर्व स्वरांना सारखा नसतो. ज्या आवाजाची फितीवरची तरंगलांबी फितीच्या जाडीच्या सुमारे सहापट असते, तो सर्वांत जास्त उमटतो. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या ५० मायक्रॉनच्या फितीवर हा आवाज ६०० हर्ट्झच्या आसपासचा असतो, ४.७६ सेंटिमीटर वेगाच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवरही उत्तर जवळपास तेवढंच येतं. म्हणजे नेमका माणसाच्या आवाजाचा मधला पट्टा. शिवाय हे उमटणं उष्णतेने वाढतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो अशा शहरात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या फितींचं काय होत असेल, हे सांगायला नको.

आगाऊ आवाज तबकडीवरही येतो, पण त्याचं कारण निराळं. तिथे शेजारशेजारच्या खाचांच्या भिंती एकमेकींना दाबतात आणि पुढच्या फेऱ्यातल्या मोठ्या आवाजाचा ठसा आधीच्या फेऱ्यावर पडतो. आता गंमत अशी, की हे दोन दोष नुसत्या घड्याळाने वेगळे ओळखता येतात. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या एलपीचा एक फेरा बरोबर १.८ सेकंदांचा, ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा ०.७७ सेकंदांचा. तबकडीवरचं भूत नेमकं इतक्याच अंतराने येतं आणि शेवटपर्यंत तेच अंतर राखतं. फितीवरच्या भुताचं अंतर मात्र स्पुलावरची गुंडाळी जशी लहान-मोठी होते तसं बदलत जातं. कॅसेटमध्ये ते आतल्या टोकाला दीड सेकंदाच्या आसपास असतं आणि भरलेल्या बाजूला तीन सेकंदांपलीकडे जातं. म्हणजे एखादं गाणं 'मूळ एलपीवरून घेतलं' असा दावा कोणी केला आणि त्यातल्या भुताचं अंतर दोन सेकंदांवरून सव्वादोनवर सरकत गेलेलं दिसलं, तर मधे कुठेतरी फीत येऊन गेली आहे हे निश्चित. साफसफाई करणाऱ्याने हे भूत आधीच उतरवलेलं असेल, तर हा दावा तपासायचा एक चांगला मार्ग बंद होतो.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर हा स्वतंत्र विषय आहे, कारण ती वापराने आलेली नसून बरीचशी मुद्दाम घातलेली आहे. या तबकड्या लाखेच्या, असं आपण म्हणतो. लाख आपल्या ओळखीची. पूर्व विदर्भात, गोंदियाकडच्या जंगलांत पळसावर आणि कुसुमावर ती होते, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता. पण तबकडीत लाख असायची जेमतेम पाव हिस्सा. बाकी दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू. लाख या सगळ्याला बांधून धरायची. दगडाची पूड स्वस्त होती हे एक कारण. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. ग्रामोफोनच्या पोलादी पिनेचं टोक कारखान्यातून नेमक्या खाचेच्या आकाराचं येत नसे. पहिल्या काही फेऱ्यांतच तबकडीतल्या पुडीने ते घासून खाचेत चपखल बसावं, अशी योजना होती. साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमहून अधिक वजन त्या टोकावर असायचं, आणि म्हणूनच दर बाजूला नवी पीन लावायची सूचना असायची. पीन घासणारी पूड पिनेला खडबडीत तर लागणारच. कानावर येते ती ही खडबड. दोष लाखेला देऊन उपयोग नाही. चरा पडलेल्या तबकडीची टकटक मात्र वापराची. ती दर फेऱ्याला एकदा येते, आणि म्हणून तीही मोजपट्टीचं काम करते. इंटरनेटवरच्या नकलेत टकटकीचं अंतर ०.७७ सेकंदांऐवजी ०.७३ निघालं, तर नक्कल करताना किंवा त्यानंतरच्या एखाद्या फितीवर वेग वाढला आहे. इथे एक मर्यादा सांगायला हवी. चरा तबकडी वाजवल्याचा वेग सांगतो, गायलं गेलं तेव्हाचा नव्हे. सुरुवातीच्या काळात '७८' हा आकडा सगळीकडे काटेकोर पाळला जात नसे. चौऱ्याहत्तरने कोरलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरने वाजवली, तर काळी एकचा षड्ज जवळजवळ पांढरी दोनला जाऊन बसतो, आणि गवयाचा आवाज होता त्यापेक्षा पातळ नि तान होती त्यापेक्षा चपळ वाटते.

वेगाचा प्रश्न आला की विजेची घूं उपयोगी पडते. भारतातला घरगुती वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. ध्वनिवर्धकाचं अर्थिंग नीट नसलं, मायक्रोफोनची तार विजेच्या तारेला समांतर गेली किंवा यंत्राच्या वीजपुरवठ्यातला कंडेन्सर थकला, की ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींतली, विशेषतः १०० हर्ट्झची घूं ध्वनिमुद्रणात शिरते. ती खुपते त्याला सांगीतिक कारणही आहे. काळी एकच्या तंबोऱ्याशी पडताळून पाहिलं तर १०० हर्ट्झ हा आवाज मंद्रातल्या तीव्र मध्यमाच्या थोडा वर पडतो. म्हणजे धड तीव्र मध्यम नाही, धड पंचम नाही. शुद्ध मध्यमाच्या रागात हा आगंतुक तासभर मागे बसून राहतो. तो काढून टाकावा असं कोणालाही वाटेल. पण काढण्याआधी तो मोजावा. फितीवर ही घूं ५० ऐवजी ५२ हर्ट्झला सापडली, तर फीत सुमारे चार टक्के जास्त वेगाने वाजते आहे, म्हणजे गायकाचा षड्ज अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांश इतका चढलेला आहे. कधी कधी एकाच ध्वनिमुद्रणात दोन घूं मिळतात, एक ५० ची आणि एक ५२ ची, आणि दोन्ही मिळून सेकंदाला दोन हेलकावे देतात. याचा अर्थ नक्कल एकदा तरी वेगळ्या वेगाच्या यंत्रावर झाली. त्यांतली जुनी कोणती हेही कळतं. मैफलीचं मुद्रण बंद झाल्यावरही, दोन गाण्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत जी चालू राहते ती नकलेच्या वेळी लागलेली. जी गाण्याबरोबर येते आणि गाण्याबरोबर जाते ती मूळ मैफलीची. वेग दुरुस्त करायचा तो या दुसरीवरून.

यावर जाणकार आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता नेहमी ५० वर ठाम होती कुठे? मागणी वाढली की ती ४९ च्या आसपास, कधी त्याखालीही उतरायची, मागणी घटली की वर चढायची. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हेच चाललं होतं. तेव्हा घूं ही अचूक मोजपट्टी होऊ शकत नाही. खरं आहे; पण ४९ धरली तर होणारी दोन टक्क्यांची चूक म्हणजे अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. गायक काळी एकमध्ये गात होता की पांढरी दोनमध्ये, हा वाद सोडवायला तेवढी अचूकता पुरते. श्रुतींचा हिशेब तिच्यावर मांडू नये, इतकंच. दुसरा आक्षेप असा, की विजेवरच्या मायक्रोफोनच्या आधीच्या, भोंग्यात गाऊन कोरलेल्या तबकड्यांवर मूळची घूं असणारच नाही. तेही बरोबर. त्यांवर घूं सापडली तर ती नकलेची, आणि 'ही नकलेची आहे' ही माहितीसुद्धा कामाचीच.

रेडिओवरून उतरवलेल्या गाण्यांवर आणखी एक थर असतो. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. सुरुवातीच्या काळात गाणं मुख्यतः थेट प्रक्षेपित होई. पुढे घरोघरी टेपरेकॉर्डर आले तेव्हा श्रोत्यांनीच ते जपायला सुरुवात केली. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचं एक हजार किलोवॅटचं प्रक्षेपण १९८८ पासून नागपूरहूनच होऊ लागलं, कारण देशाचा मध्य इथे. मध्यम लहरींवरच्या अशा मुद्रणात मधेच 'खर्र' होतं ते पुष्कळदा दूरवरच्या विजेचं असतं, आणि ते वारंवार आलं तर मुद्रण वळवाच्या किंवा पावसाच्या दिवसांतलं असण्याचा संभव मोठा. बारीक, एकसुरी शिट्टी ऐकू आली तर बहुधा रात्र. सूर्य मावळल्यावर मध्यम लहरी आकाशातल्या थरावरून परतून लांब जातात, शेजारच्या वारंवारतेवरचं दूरचं केंद्र येऊन आदळतं, आणि दोघांमधल्या नऊ किलोहर्ट्झच्या अंतराची शिट्टी तयार होते. फितीच्या डब्यावर तारीख नाही, वेळ नाही, पण शिट्टी आहे: मग सकाळच्या सभेचं म्हणून खपवलेलं हे मुद्रण सकाळचं आहे का, हे विचारायला जागा आहे.

इथपर्यंतचा मुद्दा संशोधकाचा झाला. ज्याला फक्त गाणं ऐकायचं आहे त्याने वारंवारता आणि शिट्ट्या का मोजाव्या? त्याला स्वच्छ गाणं द्या, असं म्हणणारे चूक नाहीत. अडचण पुढे येते. साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरची नेहमीची रीत अशी: जिथे संगीत नाही, नुसती खरखर आहे, असा सेकंदभराचा तुकडा त्याला दाखवायचा, त्यावरून ते खरखरीचा नमुना शिकतं, आणि मग सगळ्या मुद्रणात त्या नमुन्याशी जुळणारा, त्याच्याइतकाच किंवा त्याहून क्षीण आवाज दाबत जातं. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मुद्रणात असा तुकडा सहज मिळतो. दोन भागांमध्ये शांतता असते. ख्यालाच्या मैफलीत ती जागाच नाही. तंबोरा सर्वांत आधी सुरू होतो आणि सर्वांत शेवटी थांबतो. गायक बोलत असेल, तबलजी हातोडीने तबला मिळवत असेल, तरी तंबोरा चालूच. आरंभीची दोन सेकंदं 'रिकामी' समजून नमुना घेतला की सॉफ्टवेअर तंबोऱ्यालाच खरखर समजतं. त्यात त्याची चूक तरी काय? अखंड, एकसारखा, मंद आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला आवाज ही त्याची गोंगाटाची व्याख्या आहे, आणि जवारी उत्तम लागलेला तंबोरा त्या व्याख्येत अलगद बसतो. जवारीमुळे उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर जुन्या फितीवर खरखरीच्याच पातळीला असतात; दोघांना वेगळं काढणं कानाला जमतं, नमुन्याला नाही.

परिणाम कानाला ओळखू येतो. गायक श्वास घेतो तेव्हा तंबोरा बुडतो, सूर लावला की वर येतो, पुन्हा बुडतो. प्रत्यक्षात तंबोरा असा कधीच वागत नाही. षड्जाचा आधार सतत राहावा म्हणून तर तो. मींड संपताना स्वर विरत जातो तो शेवटचा भाग कापला जातो, आणि उरलेल्या पट्ट्यांत बारीक किणकिण राहते. 'पाण्याखालून गातोय' अशी तक्रार मग मूळ मुद्रणाबद्दल केली जाते. टकटक काढणाऱ्या प्रणालीचंही तसंच. ती अचानक उठणारा, क्षणभराचा, टोकदार आवाज शोधते. विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे घरोघर पोचलेलं खंजिरी भजन घ्या. खंजिरीच्या चकत्यांचा प्रत्येक झणत्कार असाच उठतो. प्रणाली जरा जास्त कडक लावली, की चऱ्याबरोबर खंजिरीची धारही जाते आणि ठेका बोथट होतो. टाळांचं, चिपळ्यांचं आणि तबल्याच्या चाटेवरच्या बोलांचं तेच. ही तंत्रं निकामी आहेत असं मी म्हणत नाही. हलक्या हाताने, गाण्याची जाण असलेल्या माणसाने वापरली तर ती फार चांगलं काम करतात, आणि नवी तंत्रं तंबोरा ओळखायलाही शिकतील. पण ती येतील तेव्हा त्यांना काम करायला न धुतलेला आवाज लागेल. आज दाबून टाकलेली जवारी उद्याचं तंत्र परत आणू शकत नाही. फार तर तशी दुसरी बनवून जोडेल.

खरखरीवर प्रेम करणारा एक पंथ आहे, त्याच्याशी मात्र माझं जमत नाही. 'तबकडीच्या खरखरीत ऊब आहे' असं म्हणत आजकाल नव्या कोऱ्या गाण्यांवर खोटी खरखर चढवली जाते. ती कशाचीच साक्ष देत नाही. तिच्यामागे तबकडी नाही, पीन नाही, फेराही नाही. जुन्या मुद्रणातली खरखर सुंदर आहे म्हणून जपावी, असं म्हणणं नाहीच. ती त्रासदायकच आहे.

यंत्राने घातलेले आवाज आणि जागेतून आलेले आवाज हा भेदही साफ करताना राहत नाही. १९३१ चा 'आलम आरा' हा बोलपट मुंबईत रेल्वेमार्गाजवळच्या स्टुडिओत झाला, आणि गाड्यांचा आवाज नको म्हणून त्याचं बरंचसं चित्रण रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर करावं लागलं. मैफल उतरवून घेणाऱ्या श्रोत्याला अशी सोय नव्हती. त्याच्या फितीवर हार्मोनियमच्या भात्याचा श्वास आहे, पुढच्या रांगेतली दाद आहे, रस्त्यावरचा हॉर्न आहे, आणि नागपुरातली घरगुती मैफल असेल तर कूलरच्या पंख्याची घरघर असण्याचाही संभव आहे. कूलर म्हणजे उन्हाळा. तारखेचा शोध तिथेच तीन महिन्यांवर येतो. दाद तर सरळ गाण्याचा भाग. कोणत्या जागेवर दाद आली, गायकाने ती जागा मग पुन्हा घेतली का, हे त्या पुसट 'वाह'शिवाय कळणार नाही. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड वाजवताना गुणगुणायचा, त्याची जुनी खुर्ची करकरायची; दोन्ही त्याच्या मुद्रणांत ऐकू येतात, आणि ते पुसलेला गूल्ड कोणाला हवा असेल असं वाटत नाही.

तेव्हा करायचं काय, तर दोन प्रती. पहिली न धुतलेली, दुसरी ऐकण्यासाठी हवी तशी साफ केलेली. पहिली काढताना थोडी काळजी पुरते. फीत वाजवण्याआधी दोन-तीनदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घेतली तर थरांवर उमटलेलं भूत बरंच फिकं पडतं. वाजवून झाल्यावर ती उलटी न गुंडाळता शेवट बाहेरच्या बाजूला ठेवून जपावी. ठसा बाहेरच्या थरावर जास्त पडतो, त्यामुळे असं ठेवल्यास जोरदार भूत मूळ आवाजाच्या नंतर येतं आणि त्या आवाजाखाली झाकलं जातं. टेप हेडचा कोन त्या फितीला जुळवून घ्यावा, नाहीतर वरचे स्वर खरखरीआधीच मरतात. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना निदान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट इतकी, आणि शक्य तर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट इतकी प्रत काढायला सांगते. ज्या कॅसेटवर पंधरा किलोहर्ट्झच्या वर काही नाही तिला एवढी कशाला, असं कोणी विचारील. उत्तर पुन्हा खरखरीतच आहे: टकटकीची कड जितकी तीक्ष्ण नोंदली जाईल तितकी ती पुढे गाण्यापासून अचूक वेगळी काढता येते. आणि घट्ट दाबलेल्या एमपीथ्रीत तर नकोच. त्या पद्धतीला खरखर साठवणं सर्वांत जड जातं, ती हवे तिथे बिट वाचवते आणि तंबोरा पुन्हा मधे सापडतो. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या दोन वाहिन्यांच्या प्रतीला तासाला साधारण दोन जीबी जागा लागते. शंभर तासांच्या मैफली साधारण दोनशे जीबीत मावतात, म्हणजे तळहातावरच्या एका छोट्या डिस्कमध्ये. मूळ फितीचा डबा, त्यावरचा मजकूर आणि कोणत्या यंत्रावर ती वाजवली हे लिहिलेला कागद यांचे फोटो त्याच डिस्कवर ठेवायला जागा उरते.